फोन न उचलण्याची मुभा : सोलापूरकरांचे अनुभव

मी दूरध्वनी केंद्रात नोकरीला लागलो तेव्हा ट्रंक कॉल, म्हणजे केंद्रामार्फत परगावी लावायचे फोन, तीन प्रकारचे असत: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे पडत, म्हणजे आपली घाई किती खरी आहे याची किंमत फोन करणाऱ्याला आधी मोजावी लागे. लग्नपत्रिकेवर नंबरापुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे असत. त्यांचा अर्थ असा, की फोन शेजाऱ्यांचा आहे, ते निरोप देतील, पण त्यांना सारखा त्रास देऊ नये. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, त्यानंतरची काही वर्षे येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे नंबर पाहून फोन कापणे ही काटकसर समजली जाई, त्याला कोणी उर्मटपणा म्हणत नसे. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटाही स्वस्त झाला, आणि माझ्या मते न उचलण्याचे शेवटचे सभ्य कारण तिथे संपले.

म्हणून येथे एकच प्रश्न विचारला आहे: तुमचा फोन तुम्ही केव्हा बंद ठेवू शकता, आणि ठेवलात तर कोण रागावते? स्मार्टफोन शाप की वरदान, यावर निबंध नकोत. ते आपण सर्वांनी शाळेत लिहून झाले आहेत.

शेळगीतील एक गृहिणी

माझा फोन रात्री बंद राहत नाही, आणि त्याचे कारण नळ आहे. आमच्या भागात पाणी काही दिवसांआड येते आणि येण्याची वेळ रात्री दीडची असू शकते, तशीच पहाटे साडेचारचीही. पूर्वी कोणाच्या तरी अंगणात नळाखाली घागर ठेवल्याचा आवाज झाला की सगळी गल्ली उठत असे. आता गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चावी सोडणारे मामा मला ओळखतात, म्हणून ते मला मिस्ड कॉल देतात आणि मी ग्रुपवर ‘पाणी आले’ एवढे दोन शब्द टाकते. हे काम मला कोणी सोपवले नव्हते; काही वर्षांपूर्वी मी एकदा ते केले आणि तेव्हापासून ते माझे झाले.

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी अक्कलकोटला गेले होते. फोन चार्जिंगला न लावताच झोपले आणि सकाळी सुरू करून पाहिला तर एकवीस मेसेज आलेले होते. ‘वहिनी, कळवायचं तरी,’ असे एकीने लिहिले होते. तिच्या घरात तीन फोन आहेत आणि नळ तिच्या दारातच आहे. तरीही मी ग्रुपवर माफी मागितली, आणि आपण ती का मागितली हे मला अजून समजलेले नाही.

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एक टॉवेल उत्पादक

यंत्रमागाच्या शेडमध्ये रिंग ऐकू येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचे तरी तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. माझ्या वडिलांच्या वेळचे विणकर हाताच्या खुणांनी बोलत असत. ताणा तुटला, बीम संपत आला, जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) बोलाव, या प्रत्येकाला वेगळी खूण होती. मी मात्र आधी फोन खिशात थरथरता ठेवला आणि तो थरथरतोय की शेजारचा माग, हे कळेनासे झाले तेव्हा मनगटावर बांधायचे स्मार्टवॉच घेतले. आता घड्याळ काढून ठेवले तरी मनगट मधूनच थरथरल्याचा भास होतो. परदेशातील ग्राहकांचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो: न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतुमानानुसार साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. त्यामुळे माझे रात्रीचे जेवण गेली अनेक वर्षे डाव्या हाताने मेसेज पाहत होते.

परंतु येथे सांगायची गोष्ट वेगळी आहे. मागावर लक्ष नसले की एक तार तुटते आणि हातभर कापड बिघडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून कामगारांनी पाळी सुरू होताना फोन एका पत्र्याच्या डब्यात ठेवावेत असा नियम मी केला. एके दिवशी एका कामगाराच्या मुलाला शाळेत लागले. त्याच्या घरच्यांनी त्या डब्यात नऊ वेळा फोन केला आणि नऊही वेळा तो डब्यातच वाजला. संध्याकाळी त्याने डबा उघडला, फोन पाहिला आणि तो मला काहीही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या जोडीदाराने मात्र विचारले, ‘‘अण्णा, तुमचा फोन कुठल्या डब्यात असतो?’’ आता डब्याशेजारी कारकून बसतो. घरचा फोन असेल तर तो उचलतो आणि मागावर जाऊन हाताने खूण करतो. म्हणजे आम्ही फिरून वडिलांच्या पद्धतीवर आलो.

(या अनुभवाने मला आमच्या दूरध्वनी खात्यातील रात्रपाळी आठवली. तेव्हा निरोप पोहोचवणे हे कोणाचे तरी पगारी काम होते. आता ते काम उरले आहेच, फक्त पगार गेला आहे. शेळगीच्या वहिनींचे उदाहरण पाहावे.)

विडी कामगार कुटुंबातील एक विद्यार्थिनी

आमच्या घरी तेलुगू बोलतात, पण मी शिकले मराठीतून, म्हणून मराठीत लिहिते. माझी अम्मा विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर असते, त्यामुळे तिचा दिवस तासांत मोजला जात नाही, हजारात मोजला जातो. फोन उचलायचा म्हणजे मांडीवरचे सूप बाजूला ठेवायचे, तंबाखूचे हात पुसायचे आणि मग बोलायचे. तेवढ्या वेळात किती विड्या झाल्या असत्या, हे तिला तोंडपाठ आहे. इतक्या वर्षांच्या कामाने तिच्या बोटांची टोके इतकी गुळगुळीत झाली आहेत की फोन तिचा अंगठा ओळखत नाही. फोन तिच्या नावावर आहे, सिम तिच्या नावावर आहे, पण तो उघडतो माझ्या बोटाने.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही तीन भावंडे होतो आणि फोन हा एकच होता. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पुस्तकातील धड्यांना क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम आम्हाला वर्गात अभिमानाने सांगितले गेले होते. माझ्याही पुस्तकात ते काळे-पांढरे चौकोन होते. फोन सकाळी दादाच्या तासाला, दुपारी बहिणीच्या तासाला आणि माझ्या वाट्याला रात्री नऊनंतर येत असे. तोपर्यंत त्या दिवसाचा डेटा संपलेला असे. त्या चौकोनांकडे मी पुष्कळदा नुसती पाहत बसले आहे. बहिणीने तर पेन्सिलीने त्यांत फुले काढली होती.

आता माझ्याकडे वेगळा फोन आहे आणि अम्माचा जुना फोन दिवसभर तिच्याजवळ तेलुगू भजने लावून पडलेला असतो. आधी त्या जागी रेडिओ होता. भजनाच्या मध्येच कोणाचा फोन आला तर ती तो वाजू देते, वाजणे थांबले की भजन पुढे सुरू होते. तुम्ही विचारले आहे म्हणून सांगते: आमच्या घरात फोन न उचलण्याची मुभा फक्त अम्माला आहे, आणि ती तिला तिच्या हातांतील कामाने दिली आहे. रागावते मात्र हैदराबादची मावशी.

सांगोला तालुक्यातील एक डाळिंब बागायतदार

माझ्या विहिरीवरील मोटारीला स्वतःचा मोबाईल नंबर आहे. स्टार्टरच्या पेटीत सिम बसवलेले असते; फोन केला की आवाज येतो, ‘मोटार चालू करण्यासाठी एक दाबा’. थ्री फेज वीज आठवड्यात काही रात्री असते, त्या रात्री पूर्वी बॅटरी घेऊन अंधारातून, साप-विंचू चुकवत जावे लागे. आता अंथरुणातूनच मोटार चालू होते. ही सोय सोडायला मला कोणी सांगू नये. एक गंमत अशी की, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडेही तो नंबर आहे आणि तोही तिथून मोटार चालू करून पाहतो. मी फोन केला तर मुलगा मीटिंगमध्ये असतो. मोटार मात्र दुसऱ्या रिंगला उचलते.

सात रस्ता परिसरातील एक रिक्षाचालक

भाडी ॲपवरून येतात, म्हणून फोन हँडलला लावलेला असतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. तेव्हा स्क्रीन आधी अंधूक होते, मग चार्जिंग थांबते आणि शेवटी फोन गरम झाल्याची सूचना देऊन बंद पडतो, कारण आतली लिथियमची बॅटरी तेवढी उष्णता सोसत नाही. पॉवर बँकेचा त्यावर उपयोग नाही. तशीही दहा हजार एमएएच क्षमतेची म्हणून घेतलेली पॉवर बँक फोनमध्ये साधारण सहा हजार एमएएचच भरते: लिहिलेला आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, बाहेर ५ व्होल्ट द्यावे लागतात आणि थोडे उष्णतेत जाते. फोन बंद पडला की मी झाडाखाली रिक्षा लावून तो ओल्या फडक्याशेजारी ठेवतो आणि वीस मिनिटे पडतो. मला मिळणारी सुट्टी तेवढीच.

जुळे सोलापुरातील एक निवृत्त शिक्षिका

मुलगा परदेशी असल्याने त्याचा फोन कधी कोणत्या नंबरवरून येईल याचा नेम नसतो, म्हणून मी अनोळखी नंबरही उचलत आले आहे. गेल्या वर्षी असाच एक फोन उचलला. व्हिडिओत गणवेशातील माणूस होता. माझ्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असून मला ‘डिजिटल अरेस्ट’ केले आहे, असे त्याने सांगितले. त्याची मुख्य अट पैशांची नव्हती. फोन बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही आणि कोणाशी बोलायचे नाही, ही होती. छत्तीस वर्षे मुलांना ‘घाबरू नका, विचार करा’ असे सांगितलेली मी तीन तास पदर सावरून त्या पडद्यासमोर बसले होते.

दुपारी भांडी घासणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी दारातून थोडा वेळ ऐकले आणि म्हणाल्या, ‘‘बाई, हे पोलीस नव्हेत. आमच्या मालकांना न्यायला आले होते तेव्हा जीप घेऊन आले होते.’’ आणि त्यांनी ओल्या बोटाने लाल बटण दाबले. अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच, हे मला नंतर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केल्यावर समजले. पैसे गेले नाहीत. मुलाला मी बजावले आहे की, आधी मेसेज कर आणि मगच फोन कर.

या निमित्ताने एक सूचना करते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला सायरन वाजतो आणि दीड तास गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवते. आपल्या वसाहतींत असे काही करता येईल का?

शेळगीतील गृहिणी (पुन्हा)

बाई, सायरन सातला झाला आणि नळ सव्वासातला आला तर काय करायचे?

पुण्यात नोकरी करणारा एक सोलापूरकर

वरच्या बागायतदारांचा मुलगा मी नव्हे, पण असू शकलो असतो. हुतात्मा एक्सप्रेसने ये-जा करतो तेव्हा गाडीत रेंज मध्येमध्ये जाते आणि त्या मिनिटांत डब्यातील लोक एकमेकांना ‘कुठले तुम्ही’ असे विचारू लागतात. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्याविषयी खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी माझ्यापुरता प्रश्न अर्धाच सुटला असता, कारण रात्री दहानंतर येणारे निम्मे फोन ऑफिसचे असतात आणि निम्मे आईचे. ऑफिसचे मी उचलतो. आईचे ‘नंतर करतो’ म्हणून ठेवतो. हे लिहिताना बरे वाटत नाही.

बाळीवेस भागातील एक महाविद्यालयीन विद्यार्थी

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी फोन खिशात असून नसल्यासारखा होतो. पट्ट्या पूर्ण दिसतात पण कॉल लागत नाही. (एका टॉवरची क्षमता त्याच्या टापूतील सर्वांत वाटली जाते. लाखांनी माणसे एका जागी आली की प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नाही.) बाबांना हे अनुभवाने ठाऊक आहे, म्हणून चुकामूक झाली तर सहा वाजता होम मैदानावर मोठ्या पाळण्याच्या तिकीटखिडकीपाशी भेटायचे, असे ते घरातूनच बजावून निघतात. आम्ही हसतो.

या वर्षी खरोखरच बहिणीची चुकामूक झाली. सहाला बाबा आणि मी खिडकीपाशी पोहोचलो, ती आलेली नव्हती. पुढच्या अर्ध्या तासात मी किमान वीस वेळा तिला फोन लावला आणि दोन वेळा लागल्याचा भास होऊन कानाला धरून ओरडलो. बाबा शेजारच्या गाडीवाल्याशी शेंगांच्या भावाबद्दल बोलत होते. मला त्यांचा राग येत होता, कारण त्यांनी एकदाही फोन काढला नाही. ते फक्त मधूनमधून गर्दीकडे पाहत होते. पावणेसातला त्यांनी मला म्हटले, ‘‘तू इथेच थांब,’’ आणि ते पाळण्याला वळसा घालून पलीकडे गेले. बहीण सहा वाजल्यापासून तिथे उभी होती. तिकीटखिडक्या दोन होत्या.