शब्दचर्चा: एसईएमच्या नमुन्यावर 'लेप' की 'मुलामा'?

वर्धारोडकर: कोराडीच्या वीजकेंद्रातली राख आणि कापसाचे तंतू एसईएमखाली (इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्र काढणारा स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) बघायचे आहेत. दोन्ही दुर्वाहक, म्हणून वर सोन्याचं पातळ कोटिंग द्यावं लागतं. विद्यार्थ्यांसाठी मराठीत कार्यपुस्तिका लिहितोय. सोन्याच्या कोटिंगला 'लेप' म्हणावं का? आणि नमुन्यावर इलेक्ट्रॉन अडकून होणाऱ्या 'चार्जिंग'ला काय?

धरमपेठकर: 'लेप' हा शब्द सिल्व्हर पेस्टसाठी (चांदीचे कण असलेली वाहक पेस्ट) ठेवा, ती खरोखर काडीने लावतात. स्पटर कोटरमध्ये आर्गॉनचे आयन सोन्याच्या चकतीवर आदळतात, सुटलेले अणू नमुन्यावर बसतात. तो 'मुलामा'. दोन्हींना लेप म्हटलं तर विद्यार्थी एकच पायरी करून थांबेल. जाड तुकड्याच्या उभ्या कडांवर मुलामा तुटतो, म्हणून वरच्या पृष्ठभागापासून ॲल्युमिनियमच्या स्टबपर्यंत (नमुना बसवायची बैठक) पेस्टची रेघ ओढावीच लागते. ती पूर्ण वाळू द्या, नाहीतर द्रावकाची वाफ निर्वात बिघडवते.

राख कार्बन टेपवर (वीजवाहक चिकटपट्टी) विरळ भुरभुरा आणि सैल कण ब्लोअरने उडवा. गोल कणांच्या पोटाखाली मुलामा नीट पोचत नाही, त्यामुळे कोटरचा स्टेज फिरता आणि तिरपा होणारा हवा.

बर्डीवाला: मुलामा पटला. पण मुलामा म्हटलं की चकाकेपर्यंत द्यावासा वाटतो, तेव्हा जाडी सोबत छापाच. 10 हजार पट विवर्धनाला 10 नॅनोमीटर सोनं चालतं. 1 लाख पटीला सोन्याचेच दाणे दिसू लागतात आणि तोच तंतूचा पोत समजला जातो! तिथे प्लॅटिनम किंवा इरिडियम, 2 ते 3 नॅनोमीटर.

'चार्जिंग'साठी 'प्रभारण' लिहिलं तर ते वाचून बॅटरी आठवते. 'प्रभार साचणे' लिहा. वाट न मिळाल्यामुळे साचला, हे त्यातच आलं. खुणाही द्या: पांढरी भगभग, आडवे पट्टे, सरकत जाणारं चित्र.

वर्धारोडकर: 'प्रभार साचणे' घेतो. कापूस मुलाम्याशिवाय बघता येईल?

धरमपेठकर: येईल. आधी नीट वाळवा, कापूस ओलावा धरून ठेवतो. मग 1 किलोव्होल्टच्या आसपास व्होल्टेज थोडं थोडं बदलत बघा. आत जाणारे आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन जवळपास सारखे झाले की प्रभार साचणं कमी होतं. राखेतलं गंधक मात्र असं मोजता येणार नाही. मूलद्रव्य त्याच्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणांवरून (के, एम अशा रेषा) ओळखतात, आणि इतक्या कमी ऊर्जेला गंधकाचा के क्ष-किरण उठतच नाही. सोन्याचा मुलामाही नको, कारण सोन्याची एम रेषा 2.12 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि गंधकाची के रेषा 2.31 ला, दोन्ही एकमेकींत मिसळतात. त्या मोजणीला वेगळा स्टब, कार्बनचा मुलामा आणि 15 किलोव्होल्ट.