बलात्कारी म्हणजे मनोरुग्णच?

मेघमल्हार: कालच्या धाग्यावर कुणी लिहिलं, "असले लोक विकृत मनोरुग्ण असतात, नजरेतच कळतं." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. शिक्षा झालेल्या बहुतेकांना आपण काय करतोय याचं पूर्ण भान असतं. ‘तिलाही हवंच होतं’, ‘लहान आहे, विसरेल’, ‘माझा हक्कच आहे’ अशा समजुती मात्र घट्ट असतात. आणि नजरेतून कळत असतं तर घरातल्या, ओळखीतल्या माणसांनी इतकी मुलं फसवली नसती.

सडेतोड: म्हणजे विचार वाकडे, पण आजारी नाही? शब्दांचे खेळ आहेत हे.

मेघमल्हार: खेळ नाही. आजारी म्हटलं की जबाबदारी संपते.

शिवार: बुद्ध्यांकाचं काय? संशोधक कँटर यांच्या २००५ च्या विश्लेषणात लैंगिक गुन्हेगारांची सरासरी कमीच निघाली. बळी जितके लहान, तितकी आणखी कमी.

उंबरठा: हे पकडले गेलेल्यांचं मोजमाप. हुशार सापडतच नाहीत, त्यांचा बुद्ध्यांक कोण मोजणार?

शिवार: हं. तेवढं मान्य करावं लागेल.

सडेतोड: ते राहू द्या. आमच्या नात्यातला एक शिक्षा भोगून आला. आजही म्हणतो, मला अडकवलं. कबूलच न करणारा पुन्हा करणारच!

उंबरठा: हॅन्सन आणि बुसिएर या संशोधकांनी १९९८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांवरचे ६१ अभ्यास एकत्र तपासले. चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा नोंदला गेला तो १३.४ टक्क्यांचा. नाकारणं किंवा पीडितेबद्दल सहानुभूती नसणं याचा त्याच्याशी जवळपास संबंध नव्हता. धोका दिसला तो विकृत लैंगिक ओढीत आणि बेदरकार, कायदा न मानणाऱ्या वृत्तीत.

सडेतोड: नोंदला गेला! ज्यांनी तक्रारच केली नाही त्या कुठल्या टक्क्यात? माझ्या बहिणीने केली नव्हती. त्या माणसाने तिची माफी मागावी एवढंच मला हवंय आणि तुम्ही म्हणता त्याने फरक पडत नाही?

उंबरठा: तिच्यासाठी पडतो, हे मी नाकारत नाही. पण तुरुंगात फक्त कबुली वदवून घेत बसलं तर पुढची मुलगी वाचत नाही. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांतल्या मुख्य उपचार कार्यक्रमाचं मूल्यमापन २०१७ मध्ये आलं. कार्यक्रम केलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न केलेल्यांपैकी ८. तो बंद करावा लागला.

शिवार: मग उपचार थांबवायचे?

मेघमल्हार: कुणी म्हटलं? नीट चालवलेल्या कार्यक्रमांनी प्रमाण घटल्याचेही अभ्यास आहेत.

सडेतोड: ठीक आहे, ‘मनोरुग्ण’ शब्द मागे घेतो. पण त्या माणसाला घरात पाऊल ठेवू देणार नाही, तुमचे आकडे काहीही सांगोत.

उंबरठा: ठेवू देऊ नकाच.