मदत हवी आहे : उपमेय गाळलेल्या वाक्यात कोणता अलंकार मानावा?

‘त्याचा आवाज जणू गडगडणारा ढगच’ ही उत्प्रेक्षा, ‘त्याचा आवाज म्हणजे गडगडणारा ढग’ हे रूपक आणि ‘हा आवाज नव्हेच, हा तर ढग’ ही अपन्हुती, इथपर्यंत शंका नाही. मात्र ‘तो बोलायला उभा राहिला आणि ढग गडगडला’ या वाक्यात आवाज हे उपमेयच (ज्याचे वर्णन करायचे ती गोष्ट) गाळलेले असल्यामुळे घोटाळा होतो. उपमानाने (ज्याची उपमा द्यायची त्या गोष्टीने, इथे ढगाने) उपमेय गिळून टाकणे हा संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अतिशयोक्तीचा एक प्रकार मानला आहे. शालेय व्याकरणात मात्र अतिशयोक्ती म्हणजे एखादी गोष्ट फुगवून सांगणे, त्यामुळे ती व्याख्या इथे नीट लागू पडत नाही. मग याला रूपकच म्हणावे, की लक्षणेचे (शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेण्याचे) उदाहरण मानावे? जाणकारांनी शक्यतो आणखी एखाद्या उदाहरणासह खुलासा करावा, ही विनंती.