दक्षिण आफ्रिकेचा भूसंपादन कायदा : शून्य मोबदला न्याय्य ठरतो का?

सातबारा
जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी १९७५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या भूसंपादन कायद्यावर सही केली. गोऱ्यांच्या जमिनी विनामोबदला जप्त होतील असं म्हणत ७ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी आदेश काढून अमेरिकेची त्या देशाला जाणारी मदत थांबवली आणि आफ्रिकानरांना (तिथल्या मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्यांना) निर्वासित म्हणून घेऊ असं जाहीर केलं. पण या कायद्याला ‘जप्ती’ म्हणणं साफ चूक आहे. आधी मालकाशी बोलणी, ती फिसकटली तर नोटीस, हरकतीला ३० दिवस, आणि मोबदल्याचा वाद मध्यस्थीने मिटला नाही तर न्यायालयात. शून्य मोबदल्याचं कलम १२(३) फक्त सार्वजनिक हितासाठी घेतलेल्या जमिनीला लागू आहे : भाव वाढेल म्हणून नुसती अडवून ठेवलेली, मालकाने सोडून दिलेली, सरकारी खात्याकडे पडून असलेली, किंवा किमतीइतका वा त्याहून जास्त सरकारी पैसा जिच्यात आधीच गेलाय ती.

बांधावरून
कलम पूर्ण वाचा. ही चार उदाहरणं आहेत, पण ‘एवढ्यापुरतंच मर्यादित नाही’ हेही त्यातच लिहिलंय. दार तिथेच उघडं राहतं. शिवाय संपादन झालं की जमिनीवरचा बँकेचा बोजा उतरतो, पण शेतकऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज उतरत नाही. मोबदला शून्य असेल तर ते फेडायचं कशातून? उद्या बँका तारणच घेईनाशा झाल्या, तर पेरणीचं कर्ज काळ्या शेतकऱ्यालाही मिळणार नाही.

सातबारा
बोजाचा मुद्दा मान्य, तिथे कायद्यात स्पष्टता हवी. दाराचा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विनामोबदला संपादनाला मुभा देणाऱ्या घटनादुरुस्तीला संसदेत २६७ मतं हवी होती, २०४ च पडली. म्हणून घटनेचं मालमत्तेविषयीचं कलम २५ जसंच्या तसं आहे : मोबदला ‘न्याय्य आणि समतोल’ हवा, आणि तो ठरवताना बाजारभावाबरोबर जमीन मुळात कशी मिळवली तेही बघायचं. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्यांना सुमारे ७ टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती १३ टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे होती, काळ्या आफ्रिकींकडे ४. हा इतिहास वगळून भाव काढणं मला अन्यायच वाटतं.

कोरडवाहू
तुम्ही दोघंही संपादनावर भांडताय. रोग वाटपात आहे! सरकार २००६ पासून जमीन विकत घेऊन स्वतःच्याच नावावर ठेवतं आणि लाभार्थ्याला भाडेपट्टा देतं. मालकीचा कागद नाही, म्हणून तारण नाही, म्हणून विहीर-ट्रॅक्टरला कर्ज नाही. माजी राष्ट्राध्यक्ष मोटलांथे यांच्या समितीनेही २०१७ मध्ये हेच दाखवलं : वशिल्याचे लोक पुढे घुसतात आणि जमीन सुधारणेवरचा खर्च अर्थसंकल्पाच्या एक टक्क्याहूनही कमी. फुकट जमीन मिळाली तरी या यंत्रणेतून ती कुणाच्या पदरात पडेल, याचं उत्तर द्या.

बांधावरून
हे पटलं. माझा आक्षेप मात्र कायम.

दवाखाना
मदतबंदीचं बोला. एचआयव्हीची औषधं तो देश बहुतांशी स्वतःच्या पैशाने घेतो, एकूण एचआयव्ही कार्यक्रमाच्या खर्चात अमेरिकेचा वाटा साधारण १७ टक्के होता. पण तो वाटा समुपदेशक, नोंदी ठेवणारे, गोळ्या सोडलेल्यांना घरी जाऊन परत आणणारे कार्यकर्ते यांच्या पगारात होता. कपाटात औषध आहे, रुग्ण मात्र सुटतो, विषाणू पुन्हा वाढतो, लागण पसरते. जमिनीच्या वादाची ही शिक्षा ज्यांना मिळतेय त्यांतल्या बहुतेकांच्या नावावर एक गुंठाही नाही.