स्वादुपिंड दुर्बिणीतून: ‘चार दिवसांत घरी’ कुणाला?

खाडीकाठ: रत्नागिरीच्या ग्रुपवर काल फिरलेली पोस्ट: ‘स्वादुपिंडाचं ऑपरेशन दुर्बिणीतून, चार दिवसांत घरी. पोट उघडणारे सर्जन मागासलेले.’ संताप आला. शेपटीचं ऑपरेशन (स्वादुपिंडाचं डावं टोक काढणं) आणि व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात आणि पित्तनलिका काढणं) एकाच मापाने मोजताय? शेपटी कापली की स्टेपलरने तोंड बंद, जोड नाही. व्हिपलमध्ये स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला शिवायचे, असे तीन जोड. ग्रंथी मऊ आणि नळी बारीक असली की गाठ आवळताना दोरा मांस कापत जातो. नेदरलँड्समधल्या व्हिपलच्या लेपर्ड-२ या चाचणीत गुंतागुंतीने ९० दिवसांत दुर्बिणीच्या ५० पैकी ५ जण दगावले, उघड्याच्या ४९ पैकी १. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

घाटमाथा: अर्धंच सांगताय! चीनच्या २०२१ च्या चाचणीत किमान १०४ दुर्बीण-व्हिपल केलेलेच सर्जन घेतले, मृत्यू दोन्हीकडे सारखेच. कोइम्बतूरच्या व्हिपल चाचणीत दुर्बिणीचा हॉस्पिटलमधला मुक्काम ७ दिवस, उघड्यात १३. दोष हात न बसल्याचा आहे, दुर्बिणीचा नाही.

खाडीकाठ: चीनमध्ये मुक्काम दुर्बिणीत १५ आणि उघड्यात १६ दिवस. एका दिवसासाठी एवढा गाजावाजा? आणि तेवढा हात बसलेला सर्जन शोधायचा कुठे, ते पोस्टमध्ये का नाही?

वाशिष्ठी: तुमचं चालू द्या, पेशंट घरी पाठवल्यावरही मरू शकतो! तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतलं) अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य, रक्तातल्या नॉर्मल कमाल मर्यादेच्या तिपटीवर असेल तर ड्रेन घाईने काढू नका. स्वादुपिंडातून गळणारा रस धमनीचं बांधलेलं तोंड कुरतडतो. ड्रेनचं पाणी लाल झालं, मग ते थोडं का असेना, तर ती मोठ्या रक्तस्रावाची वर्दी असू शकते. लगेच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन), मग कॉइल, म्हणजे तारेचं बारीक वेटोळं, घालून धमनी बंद. देवगडहून रात्री कोल्हापूर गाठायचं म्हणजे घाट, पावसात दरड. मुंबईच्या रस्त्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं, ते वर्षानुवर्षे रखडलं!

घाटमाथा: रस्त्याचं रडगाणं इथे नको.

वाशिष्ठी: रडगाणं? रक्त वाहत असताना रस्ता हाच उपचाराचा भाग असतो. सावंतवाडीला गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ, चिपळूणवाल्याने काय करायचं? ड्रेन निघेपर्यंत हॉस्पिटलजवळ खोली घ्या. रात्री कॉइल घालणारा कोण, ते ऑपरेशनआधीच विचारा.

घाटमाथा: हे मान्य, डिस्चार्ज कार्डावर छापायलाच हवं. पण शेपटीसाठी दुर्बीणच. शेपटीवरच्या पहिल्या लेपर्ड चाचणीत दुर्बिणीत रक्त १५० मिली गेलं, उघड्यात ४००. पेशंट ६ ऐवजी ४ दिवसांत सावरले.

खाडीकाठ: बरं, शेपटीपुरतं मान्य. पण स्वादुपिंडाच्या रसाची गळती दुर्बिणीत ३९ टक्के आणि उघड्यात २३ टक्के होती, तेही लिहा. फरक ठाम सिद्ध झाला नाही, तरी लपवू नका. आणि ते ‘४ दिवस’ सावरण्याचे, तेही शेपटीचे. व्हिपलच्या पेशंटला तो आकडा दाखवू नका.