स्वर्व्ह मॉड्यूलचे वजन नेमके कुठून कमी करावे?

प्रश्न
मुंबईतील एका शालेय संघाला मी एफआरसी (फर्स्ट रोबॉटिक्स कॉम्पिटिशन) या शालेय रोबॉट स्पर्धेसाठी मार्गदर्शन करतो. बंपर आणि बॅटरी वगळून रोबॉटचे वजन 2024 मध्ये 125 पौंडांपर्यंत चालत असे. 2025 मध्ये ती मर्यादा 115 पौंडांवर, म्हणजे सुमारे 52 किलोंवर आली. आमच्या रोबॉटला चार स्वर्व्ह मॉड्यूल, म्हणजे चाक फिरवणारी आणि वळवणारीही युनिटे आहेत; त्यांत 4 इंची चाके आणि प्रत्येकी दोन (एक चाक फिरवायला, एक वळवायला) अशा आठ क्राकेन एक्स60 मोटारी आहेत. अॅल्युमिनियमच्या प्लेटांमध्ये खिडक्या कापून वजन उतरवावे, असा मुलांचा आग्रह आहे. तो योग्य आहे का?

उत्तर 1
प्लेटांच्या आधी मोटारींचा विचार करावा. क्राकेन सुमारे 540 ग्रॅमची आहे, तर निओ 550 ही मोटार केवळ 140 ग्रॅमची. चाक वळवण्यासाठी एवढी छोटी मोटार पुरते. रेव्ह कंपनीच्या मॅक्सस्वर्व्ह मॉड्यूलची रचना याच विचारावर उभी आहे. चार मॉड्यूल मिळून 1.6 किलो वाचतील.

उत्तर 2
दिशा बरोबर आहे, परंतु हिशेब अपुरा वाटतो. क्राकेनचा कंट्रोलर (मोटार नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) मोटारीतच असतो. निओ 550 ला स्पार्क मॅक्स हा कंट्रोलर वेगळा लावावा लागतो आणि त्याचे सुमारे 113 ग्रॅम धरले, तर प्रत्येक मॉड्यूलमागे 290 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकूण 1.15 किलोच वाचतात, आणि वाढीव वायरिंग त्यातूनही थोडे खाते. शिवाय ही छोटी मोटार अडकली की फार लवकर तापते, म्हणून करंटची मर्यादा 20 अँपिअरच्या आसपास ठेवणे अत्यावश्यक आहे.

चाक 3 इंची केल्यास मॉड्यूल बुटके आणि हलके होते. व्यास तीन चतुर्थांश झाल्यामुळे पूर्वीचाच वेग राखण्यासाठी गिअर गुणोत्तरही त्याच प्रमाणात उतरते: उदाहरणार्थ 6.75 ऐवजी साधारण 5.06. मात्र लहान चाकाचा ट्रेड (जमिनीला टेकणारा थर) लवकर झिजतो आणि मैदानावरील उंचवटे त्याला जड जातात, त्यामुळे त्या वर्षीचा खेळ पाहूनच हा निर्णय घ्यावा.

उत्तर 3
मुलांचा उत्साह मोडू नये, परंतु खिडक्या कुठे कापायच्या हे त्यांना बळाचा मार्ग काढून दाखवावे. धडक बसली की चाकावरचा आडवा भार चाक धरणाऱ्या फोर्कमधून वळणाच्या मोठ्या बेअरिंगवर आणि तिथून प्लेटवर येतो; बेअरिंगभोवतीचे कडे आणि चेसिसला जोडणाऱ्या बोल्टांजवळचा भाग म्हणूनच अखंड ठेवावा. बेव्हल गिअर (काटकोनात गती वळवणारे तिरक्या दातांचे गिअर) पोलादीच असू द्यावेत.

माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिली कात्री वरच्या यंत्रणेला लावावी. मॉड्यूल जमिनीलगत असल्यामुळे त्यांचे वजन गुरुत्वमध्य खाली ठेवते. उंच लिफ्ट तशीच ठेवून फक्त खालचे वजन उतरवल्यास मर्यादा पाळली जाईल, पण जोरात ब्रेक लावताना रोबॉट कलंडण्याचा धोका वाढेल. आपल्या लिफ्टचे आणि इनटेकचे (खेळातील वस्तू आत ओढणाऱ्या यंत्रणेचे) वजन येथे कळवल्यास नेमके सुचवता येईल.