हास्य कार्यक्रमांतल्या स्किटला शेवट का सापडत नाही?

कलमवाला, देवगड

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या घरामागच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत आंबा निवडण्याचे काम चालते. चार-पाच बाया पेंढ्यावर बसून एकेक फळ हातात घेतात, देठ आणि डाग पाहतात, अंदाजाने वजन ठरवून पाच डझनी, सहा डझनी असे वेगवेगळे ढीग लावतात. कोपऱ्यातल्या टीव्हीवर हास्याचे कार्यक्रम चालू असतात, कधी त्या रात्रीचे, बहुतेक वेळा जुनेच. नजर फळावर आणि कान टीव्हीकडे, असा हा प्रेक्षक आहे. गेले तीन हंगाम मी पाहतो आहे, की स्किटच्या पहिल्या सहा-सात मिनिटांत त्यांचे हात पुन्हा पुन्हा थांबतात आणि त्यानंतर थांबेनासे होतात. स्किट तर अजून अर्धे शिल्लक असते. परीक्षक खुर्चीत वाकून हसत असतात, मागे हशा वाजत असतो, आणि आमच्या शेडमध्ये पेटीला खिळे ठोकल्याचा तेवढा आवाज येतो.

माझी तक्रार कलाकारांबद्दल नाही. मराठीत आज विनोदी नटांचे जितके पीक आहे, तितके मी पूर्वी पाहिलेले नाही. तक्रार लिखाणाबद्दल आहे आणि तीही एकाच जागेपुरती: आपल्या स्किटला शेवट नसतो. समजा, मुलगी पाहायला आलेले पाहुणे चुकून शेजारच्या घरात शिरले आणि तिथे कोणाचे तरी बारावे चालू आहे. सुरुवात फक्कड आहे. एक बाजू विचारते, ‘केव्हा ठरलं?’ आणि दुसरी सांगते, ‘अचानकच झालं, कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.’ हे पाच-सात मिनिटे उत्तम चालते. पण घोटाळा उघडा पडल्यावर पुढे काय, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. मग एक जण दुसऱ्याला धोपटतो, एखादे गाणे लागते आणि सगळे नाचतात, किंवा सर्वांत वाईट म्हणजे एखादे पात्र पुढे येऊन म्हाताऱ्या आईवडिलांना जपण्याविषयी दोन शब्द बोलते. आमच्या शेडमधल्या एक काकी तर आधीच सांगून मोकळ्या होतात, ‘आता गाणा लागतला बघ.’ आणि ते लागतेच.

‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली झी मराठीवर सुरू झाला. त्यात पोस्टमनच्या वेषातले सागर कारंडे पत्र वाचून दाखवत असत. ती पत्रे अरविंद जगताप लिहीत. ते पत्र गंभीर असे, पण ते वेगळे आणि स्वतंत्र असे, विनोद संपवता आला नाही म्हणून शेपटासारखे चिकटवलेले नसे. हा फरक पुढे आपल्याकडे पुसट होत गेला, असे मला वाटते.

गजालीवाला, मालवण

कलमवाले, तुमची शेड आवडली, पण तुमचा न्याय पटला नाही. तुम्ही स्किटला एकांकिकेची फूटपट्टी लावता. एकांकिकेला पडदा पडण्याची जागा लागते, कारण प्रेक्षक उठून घरी जाणार असतो. टीव्हीवरच्या स्किटनंतर जाहिरात असते आणि जाहिरातीनंतर दुसरे स्किट. ते आपल्याकडच्या गजालीच्या, म्हणजे नाक्यावरच्या गप्पांच्या, जातीचे आहे. आमच्या नाक्यावर म्हणतात, ‘गजालीक शेवट नसता, एस्टी इली की ती थांबता.’ गजाल सांगणारा माणूस मूळ विषय केव्हाच सोडून देतो, मध्येच कोणाच्या तरी म्हशीवर जातो, तिथून म्हशीच्या मालकाच्या दुबईतल्या जावयावर जातो, आणि ऐकणाऱ्याला त्याचे काहीच वाईट वाटत नाही, कारण तो गोष्टीसाठी बसलेला नसून सांगणाऱ्यासाठी बसलेला असतो. २०१७ साली झी मराठीवर ‘गाव गाता गजाली’ ही मालवणी मालिका आली, तिच्या नावातच ही गजाल होती.

सोनी मराठीवर २०१८ पासून चालू असलेली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ मी नटांसाठी पाहतो. समीर चौघुले एखादा साधा शब्द ओढून, मुडपून, परत सरळ करून पुन्हा म्हणतात, तेव्हा त्या शब्दाचे पुढे काय होणार याची मला फिकीर नसते. चिपळूणचे ओंकार भोजने वाक्याचा शेवट हेलाने उचलतात, तेव्हा आमच्या घरातली तीन पिढ्यांची माणसे एकदम हसतात. तुमच्या बाया सातव्या मिनिटानंतर थांबत नाहीत, याचे कारण त्यांना ट्रक भरायचा असतो हेही असू शकेल.

कलमवाला, देवगड

ट्रक भरायचा असतो हे खरेच आहे, वाशीच्या बाजारात माल पहाटे पोचला नाही तर भाव जातो. पण ट्रक पहिल्या सात मिनिटांतही भरायचाच असतो.

तुमच्या बाजूने मीच एक साक्ष देतो. आमच्याकडे बागेच्या राखणीला नेपाळचा एक गडी असतो. त्याला मराठी कामापुरती समजते, मालवणी त्याहून कमी. तो स्किट पाहताना मनापासून हसतो आणि शेवटपर्यंत हसतो, कारण त्याचे लक्ष नटाच्या हातापायांकडे असते. म्हणजे नट शेवटपर्यंत टिकतो, हे मला मान्य आहे. टिकत नाही ते लिखाण.

सड्यावरची, गुहागर

कलमवाल्यांच्या म्हणण्यात मला एक भर घालायची आहे, कारण गजालीवाल्यांना जे निरुपद्रवी वाटते, ते मला तसे वाटत नाही. लेखकाजवळ प्रसंग संपतो आणि वेळ उरतो, तेव्हा तो कुठे वळतो ते पाहा. तो नटाच्या शरीराकडे वळतो. कोणी जाड आहे, कोणी काळा आहे, कोणाला टक्कल आहे, कोणी पुरुष साडी नेसून आला आहे. पहिल्या पाच मिनिटांत हे विनोद क्वचित येतात, कारण तेव्हा प्रसंग स्वतःच्या जोरावर चालत असतो. ते येऊ लागले की समजावे, पुढचे पान कोरे आहे.

साडी नेसलेल्या पुरुषाविषयी माझा सोवळेपणा नाही. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातली स्त्रीपार्टी बघत मी मोठी झाले आहे. तिथे पुरुष साडी नेसून रंगमंचावर येतो तो राणी म्हणून येतो, त्याच्या पदराकडे, चालण्याकडे, डोळ्यांकडे आमच्या आज्या टक लावून पाहत, आणि कोणीही हसत नसे. टीव्हीवर तोच पुरुष नुसता दारातून आत आला की हशा वाजतो. त्याने अजून तोंडही उघडलेले नसते.

बोलीचेही असेच आहे. ‘खय’ आणि ‘इलंय’ हे शब्द विनोद नव्हेत, ते आमचे रोजचे बोलणे आहे. ओंकार भोजने यांच्या हेलावर आम्हीही हसतो, पण तो हेल कोणाच्या तरी स्वभावातून येतो तेव्हा. नुसता हेल लावून वेळ मारून नेली की आम्हाला आपल्याच घरात परके झाल्यासारखे वाटते.

जुना प्रेक्षक, रत्नागिरी

चर्चा चांगली चालली आहे, पण शेवट नसणे हा दोषच आहे, असे कलमवाल्यांनी आणि सड्यावरच्या ताईंनी गृहीत धरलेले दिसते. बीबीसीवर १९६९ ते १९७४ या काळात ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ हा विनोदी स्किटांचा कार्यक्रम होता, त्याचे पंचेचाळीस भाग झाले. त्या मंडळींनी स्किटचा शेवटचा फटका जाणूनबुजून टाकून दिला. प्रसंग रंगात आला की मध्येच एक लष्करी अधिकारी येऊन ‘हे फारच वेडगळ झाले’ असे म्हणून तो बंद पाडायचा, किंवा एखादे कार्टून सुरू होऊन दुसऱ्याच प्रसंगात नेऊन सोडायचे. त्यांच्या थोडे आधी, १९६९ सालीच, ब्रिटिश विनोदकार स्पाइक मिलिगन यांनी हे करून दाखवले होते. वाईट शेवटापेक्षा शेवट नसलेला बरा, हा त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांनी कमालीचा यशस्वी करून दाखवला.

त्याच गटातले जॉन क्लीझ पुढे कॉनी बूथ यांच्याबरोबर ‘फॉल्टी टॉवर्स’ ही विनोदी मालिका लिहू लागले, तेव्हा मात्र त्यांनी नेमके उलटे केले. तिथे पहिल्या पाच मिनिटांत ठेवलेली प्रत्येक वस्तू शेवटच्या गोंधळात परत येते. पण त्याचे भाग किती झाले? १९७५ साली सहा आणि १९७९ साली सहा, एकूण बारा. आपल्याकडे आठवड्यातून एकाहून अधिक रात्री कार्यक्रम आणि प्रत्येक रात्री दोन-तीन नवी स्किटे. हास्यजत्रेतले प्रसाद खांडेकर तर लिहितातही आणि खेळतातही. अशा रहाटगाडग्यात सुरुवाती सुचतात हेच मला नवल वाटते.

आमच्या पिढीला मुंबई दूरदर्शनवरचे ‘चिमणराव’ आठवते. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्याचे भाग नीट संपत, कारण ते चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून केलेले होते आणि कथेला शेवट आधीच होता. तेव्हा लेखकांना दोष देण्याआधी त्यांना वेळ किती मिळतो, ते विचारावे.

धयकालो, वेंगुर्ले

गजालीवाल्यांनी लोकपरंपरेचा आधार घेतला आणि सड्यावरच्या ताईंनी दशावताराचे नाव काढले, म्हणून लिहितो. मी जत्रांमधून हार्मोनियम वाजवतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान कोणते लावायचे ते ठरते, कोणी काय बोलायचे ते ज्याचे त्याने रंगमंचावर बघायचे, आणि खेळ रात्रभर चालतो. तेव्हा ‘आपल्याकडचे सगळे सैल, बिनशेवटाचे’ असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांना हे उदाहरण फार सोयीचे वाटेल.

पण आडदशावतारातला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातला, संकासुर पाहा. काळा वेष, बाकीची पात्रे शुद्ध मराठीत बोलत असताना हा अस्सल मालवणीत भटाची फिरकी घेतो, समोर बसलेल्या गावच्या मानकऱ्यालाही सोडत नाही. किती वेळ बोलायचे याला मर्यादा नाही. तरीही प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते की याने वेद चोरलेले आहेत आणि शेवटी विष्णू येऊन याचा वध करणार आहे. तो जितका लांबवतो तितकी गंमत वाढते, कारण त्याच्या डोक्यावर मरण टांगलेले आहे. आणि संपूर्ण खेळाचा शेवटही ठरलेला आहे: उजाडताना दहीकाला. त्यावरूनच आमच्याकडे या खेळाला धयकालो म्हणतात. म्हणजे मधले सगळे उत्स्फूर्त आणि शेवट तेवढा पक्का. टीव्हीवर मला नेमके उलटे दिसते. मधले प्रत्येक वाक्य पाठ केलेले आणि शेवट मात्र रामभरोसे.

आणखी एक. देवळासमोर बसलेला प्रेक्षक हसला नाही तर संकासुराला ते तिथल्या तिथे कळते आणि तो वाट बदलतो. टीव्हीवरच्या नटाला कलमवाल्यांच्या शेडमधली शांतता कशी कळणार? त्याच्यासमोर हसणारे परीक्षक बसवलेले आहेत.

गजालीवाला, मालवण

धयकालोंचे उदाहरण माझ्यावरच उलटले, हे मोकळेपणाने मान्य करतो. संकासुराचे मरण मी विसरलो होतो. तरी जुन्या प्रेक्षकांच्या मुद्द्यावर मी ठाम आहे: वेळ कमी असेल तर लेखकाने चांगली सुरुवात लिहावी, चांगला नट घ्यावा आणि शेवटाच्या नादी न लागता सरळ थांबावे. नाच नको, उपदेश नको, दिवे बंद करावेत. कलमवाले, याला तरी तुमची हरकत नसावी. शिवाय एक सुचवतो. तुम्ही हात थांबलेले मोजता, पण हसू कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. तुमच्या बायांना सकाळी विचारा, काल रात्रीचे काय लक्षात राहिले.

कलमवाला, देवगड

दिवे बंद करण्याला माझी हरकत नाही, पण त्यासाठी सातव्या मिनिटाला थांबण्याची तयारी हवी आणि वाहिनीला पंधरा मिनिटे भरून हवी असतात. गोम तिथेच आहे.

तुम्ही सुचवले तसे आज सकाळी विचारले. काल रात्रीच्या एका स्किटमध्ये सासऱ्याकडे आलेला जावई चहाचा कप तोंडापर्यंत नेई आणि दर वेळी कोणी तरी काही विचारले म्हणून खाली ठेवी. असे पाच-सहा वेळा झाले. पुढे भांडण, पाठलाग आणि अर्थातच गाणे. तिघी बायांपैकी एकीलाही भांडण कशावरून झाले ते आठवेना. कप मात्र तिघींनाही आठवत होता, आणि एकीने तर हातातला हापूस तोंडापर्यंत नेऊन, दचकून, परत पेंढ्यात ठेवून दाखवला. इथवर तुमची सरशी आहे, हे लिहिलेच पाहिजे. पण त्याच बाईने फळ ठेवता ठेवता मला विचारले, ‘मगे शेवटाक तेना च्या पिल्यान काय नाय?’

मला सांगता आले नाही. लेखकही ते विसरला असावा.

गजालीवाला, मालवण

तो चहा प्याला असता, तर आज सकाळी तिने तुम्हाला विचारले असते का?

कलमवाला, देवगड

विचार करायला लावलात. आजचा ट्रक सहा वाजता सुटतो. तो गेला की तो भाग पुन्हा लावतो आणि कप कुठे राहिला ते पाहतो.